साफ पाण्याची थाप

नजीर मास्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी लॅबच्या खिडकीत मोरपंखी रंगाचा एक नमुना उजेडात धरून उभी होते. फोन हमीदाभाभींचा, म्हणजे मास्टरांच्या बायकोचा होता. "बाई, तुमचे मास्टर गेले," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन बंद करायचं विसरल्या. मागे घरातल्या बायकांचं रडणं ऐकू येत राहिलं. मी काय बोलले ते आठवत नाही. एवढं मात्र पक्कं आठवतं, की डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला एक माणूस आठवला आणि मी मनात म्हटलं, तुला सोडणार नाही. जवळचं माणूस गेल्यावर पहिल्यांदा असं काही मनात येणं बरं नव्हे, हे मला कळतं. पण लिहायला बसलेच आहे तर खोटं कशाला लिहू? महिना उलटून गेला, तरी मास्टरांची आठवण आली की पाठोपाठ तोच येतो. धड रडूही देत नाही. त्याचं नाव इथे छापता येणार नाही, असं पुरवणीच्या संपादकांनी बजावलंय. नाही तर नाही. मी त्याला पाणीवाला म्हणते, आणि त्याच्याबद्दल लिहिताना अहो-जाहो करणार नाही.

आधी मास्टरांविषयी. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात आम्ही बावीस वर्षं शेजारी शेजारी काम केलं. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन लॅबमध्ये लागले, तेव्हा ते तिथे कलर मास्टर होते. शाळा आठवीत सुटलेली. पण डोळा असा, की माझ्या यंत्राने पास केलेला नमुना ते खिडकीशी नेत, मान वाकडी करून बघत आणि म्हणत, "बाई, पिवळा कणभर जास्त हाय." पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याशी हुज्जत घातली. दोन दिवसांनी गिऱ्हाइकाने माल परत पाठवला, पिवळा जास्त म्हणून! मास्टर माझ्या टेबलावर चहाचा कप ठेवून गेले. त्यानंतर मी त्यांना मास्टर म्हणायला लागले आणि ते मला, मी त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान असूनही, बाई म्हणत राहिले. मी तोंडाने फटकळ, ते मुळीच नाहीत. मी कुणावर तडकले की ते हळूच म्हणत, "आज कुनाचा रंग उतरवला, बाई?"

टॉवेल रंगवून झाला की तो पुन्हा पुन्हा धुवावा लागतो. धाग्याला न चिकटलेला मोकळा रंग असतो, तो निघून जायला हवा, नाहीतर गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्याच धुण्यात बाकीचे कपडे रंगतात. मास्टर प्रत्येक धुण्याचं पाणी काचेच्या पेल्यात घ्यायचे आणि डोळ्यांसमोर धरायचे. पहिलं पाणी गडद, दुसरं जरा फिकं, तिसरं त्याहून फिकं... शेवटी पेल्यातून पलीकडचा माणूस स्वच्छ दिसला की ते म्हणायचे, "पास." यंत्रावर त्यांचा भरवसा नव्हता, सायबांवर तर नव्हताच. "पाणी खोटं बोलत न्हाय, बाई," असं ते मला कितीदा म्हणाले असतील. मीही मान डोलावली, कारण आमच्या कामात ते खरंच होतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एकदा ते लॅबमध्ये आले आणि दार लोटून घेतलं. लघवीतून रक्त जात होतं. ते सांगायलाही त्यांच्याकडे रंगाचीच भाषा होती. "फिक्कट डाळिंबी," म्हणाले, "शेड काय चांगली न्हाय." मी त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. मूत्राशयाचा कॅन्सर. इतकी वर्षं रंगात हात घातल्यामुळे झाला का, ते डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. पण पुढचं अगदी ठामपणे सांगितलं. गाठ खोल चाललीय, बाहेर मात्र पसरलेली नाही. आत्ता मूत्राशय काढून टाकलं तर बरे व्हायची चांगली आशा आहे. पोटावर लघवीसाठी एक पिशवी कायमची लावावी लागेल, लोक तिच्यासह सगळी कामं करतात. मास्टर सगळं नीट ऐकून घेत होते. बाहेर आल्यावर स्कूटरपाशी थांबले आणि म्हणाले, "नमाजला उभं राहायचं तर अंग पाक-साफ पायजे की, बाई. अंगाला ते लटकत ठिवून मी कसा उभा राहू?"

मी म्हटलं, मौलानांना विचारा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर चौकात कपडे काढायला सांगितले. "असलं काय विचारायचं असतंय व्हय?" मला वाटलं, चार दिवसांत विचारतील. त्यांनी कुणालाच विचारलं नाही. ते गेल्यावर हमीदाभाभींनी भावाकरवी विचारून घेतलं, आणि उत्तर दोन मिनिटांत आलं. आजाऱ्याला सवलत आहे, पिशवी असली तरी नमाज होते. दोन मिनिटांची लाज, आणि तिथूनच पाणीवाला आत शिरला.

सात रस्त्याजवळ एका दुकानाच्या वर तो दर बुधवारी बसायचा. मोहल्ल्यातल्या कुणीतरी मास्टरांना सांगितलं, की तिथे सुरीशिवाय, पिशवीशिवाय कॅन्सर बरा होतो. तिथे गेल्यावर त्याने त्यांना पहिला प्रश्न विचारला तो आजाराबद्दल नव्हता. "काका, काम काय करता?" मास्टरांनी सांगितलं. मग त्याने त्यांचे पाय कोमट पाण्याच्या एका टबात ठेवायला लावले. टबात एक वायर सोडलेली. पंधरा-वीस मिनिटांत पाणी तपकिरी झालं, वर काळपट फेस आला. "हे तुमच्या शरीरातलं विष," पाणीवाला म्हणाला. "आता तुम्हीच सांगा, पहिल्या धुण्यात माल पास होतो का? धुवत राहायचं. पाणी साफ आलं, की तुम्ही पास." ...हे वाक्य मास्टरांनी मला जसंच्या तसं, कौतुकाने सांगितलं होतं. आता आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जाते. चोर घराची किल्ली मागतो आणि घरमालक ती हसत हसत देतो, तसं झालं. दुसऱ्या कुणाला ते पाणी नुसतं घाण वाटलं असतं. मास्टरांना त्यात त्यांची सगळी हयात दिसली.

आता माझ्या वाट्याचं. कॅन्टीनमध्ये ते मला हे सांगत होते, तेव्हा मी सवयीने विचारलं, "शेड कुठली?" ते म्हणाले, "गंजाची. काळसर गंज." लोखंड, मीठ, वीज... शाळेतली मुलगीही ओळखेल असा प्रयोग आणि मी पदवीधर! पण त्या दिवशी बाहेरगावची मंडळी माल तपासायला आली होती, माझं लक्ष घड्याळाकडे. मी हसून म्हटलं, "पायाचा मळ असेल, मास्टर," आणि उठून गेले. मला वाटलं, दवाखाना चालू आहेच, वर हे एक. ते दवाखान्यात जायचे थांबलेत, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दर गुरुवारी ते मला पाण्याची बातमी द्यायचे. थोडं फिकं. आणखी फिकं. सातव्या बुधवारनंतर त्यांनी खात्यात जिलेबी वाटली. माझ्या टेबलावर पुडा ठेवून म्हणाले, "पास, बाई." रक्तही त्या काळात थांबलं होतं. या आजारात ते मधून मधून आपोआप थांबतं, हे मला आता माहीत आहे. मी दोन जिलेब्या खाल्ल्या.

पावसाळ्यानंतर त्यांची कंबर धरली. चेहरा उतरला, पँट कमरेवर ठरेना. मी जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. त्याच डॉक्टरांनी नवी फिल्म उजेडावर लावली, बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "इतके दिवस कुठे होता?" मास्टर म्हणाले, "बरा झाल्तो की." त्या आवाजात तक्रार नव्हती, आश्चर्य होतं. आजार हाडांपर्यंत गेला होता. आता वेदना कमी करण्यापलीकडे फार काही हातात नव्हतं.

पुढच्या बुधवारी मी एकटी पाणीवाल्याकडे गेले, गुडघेदुखीची पेशंट म्हणून. बाहेर बाकावर वीसेक माणसं. माझी पाळी आली तेव्हा त्याने तोच प्रश्न विचारला. मी थाप मारली, शिवणकाम करते म्हणून. तो पापणीही न हलवता म्हणाला, "मग तुम्हाला काय सांगायचं, ताई? जुनी शिवण उसवल्याशिवाय नवी टीप बसते का?" माझ्या आधीच्या शेतकऱ्याशी तो तणाबद्दल बोलत होता, ते मी बाहेरून ऐकलंच होतं. प्रत्येकाला त्याच्याच कामात गाठायचं, हा त्याचा खरा धंदा. टबात त्याने मूठभर पांढरी पूड टाकली, "औषधी क्षार" म्हणून. तो पाठमोरा झाल्यावर मी बोट बुडवून चाटलं. मीठ! वायरच्या टोकाला लोखंडी पट्ट्या, गंजाने खाल्लेल्या. मीठ कमी कमी टाकत गेलं, की पाणी दर आठवड्याला फिकं. शेवटच्या दिवशी टाकायचंच नाही.

मी तिथे आरडाओरडा करायला हवा होता. केला नाही. मला आधी मास्टरांना दाखवायचं होतं. खरं सांगायचं तर मला जिंकायचं होतं, आणि मरायला टेकलेल्या माणसाला असलं काही दाखवू नये, एवढं भान त्या रागात राहिलं नाही. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा भाभी शेजारी गेल्या होत्या. मास्टर पलंगावर उशीला टेकून बसले होते. मी काचेचा पेला घेतला, पाणी ओतलं, पर्समधून दोन खिळे, वायर आणि जुन्या खेळण्यातल्या बॅटऱ्या काढल्या. "मीठ कुठंय?" मी विचारलं. त्यांनी बोटाने दाखवलं. सगळ्यांत वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे. मला स्टुलावर चढावं लागलं. दहा मिनिटांत पाणी तपकिरी झालं, वर तसाच फेस. मास्टरांनी हात पुढे केला. पेला हातात देताना मला त्यांची बोटं किती हलकी झालीत ते कळलं. त्यांनी पेला खिडकीच्या उजेडात धरला, मान वाकडी केली आणि पुष्कळ वेळ पाहत राहिले.

"शेड तीच हाय," ते म्हणाले.

मग पेला मला परत दिला. "वता मोरीत. आन् बाई... हमीदाला ह्यातलं काय सांगू नका." मला वाटलं, फसलो याची लाज वाटतेय. मी शब्द दिला. एकोणीस दिवसांनी ते गेले.

शब्द पाळलाही असता. पण ते गेल्यावर दोन आठवड्यांनी आमच्या कॉलनीतल्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. उघडला तर मास्टर! धुतलेला पांढरा सदरा, दाढी नीट कातरलेली, हातात पाण्याचा पेला. "मी तीस वर्सं रंगात काम केलंय. पाणी मला फसवत न्हाय. बगा, साफ पाणी. मी बरा झालो." सातव्या बुधवारी पाणीवाल्याने ते टिपून घेतलं होतं. खाली एका बाईने लिहिलं होतं, टेंभुर्णीहून आईला घेऊन येतेय, पुढच्या बुधवारी नंबर लागलाय. मी पुन्हा पुन्हा तो व्हिडिओ पाहिला. ज्या माणसाने आयुष्यात एक खोटा नमुना पास केला नाही, तो मेल्यावर दारोदार जाऊन लोकांना त्या टबाकडे पाठवत होता, आणि तेही स्वतःच्याच आवाजात.

मी सात रस्त्याला जाऊन पाणीवाल्याला गाठलं. या वेळी भरपूर ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "त्यांना दवाखान्यात नेऊन तपासणीची सुई कुणी टोचवली? तुम्हीच ना? सुई लावली की पसरतं. आमच्याकडे असते तर आज असते." मी हात उगारला होता. त्याच्या माणसांनी मला जिन्यापर्यंत आणून सोडलं. पोलिसांत तक्रार द्यायला गेले तर तिथल्या साहेबांनी सांगितलं, घरच्यांचं म्हणणं लागेल, तुम्ही कोण? खरंच, मी कोण? आणि भाभी तर इद्दतीत. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस त्या घराबाहेर पडणार नव्हत्या. कुठे येणार, कुणासमोर उभ्या राहणार?

तरीही मी गेले. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायला गेले, कारण टेंभुर्णीची ती न पाहिलेली आई डोक्यातून जात नव्हती. भाभींना मी सगळं सांगितलं. त्या खाली मान घालून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला दाखवा." मी पेला घेतला, पाणी, खिळे, बॅटऱ्या. आणि म्हटलं, "थोडं मीठ द्या."

भाभींनी विचारलं, "मीठ कशाला?"

"मिठाशिवाय रंग येत नाही, भाभी. त्याचं औषध म्हणजे तेवढंच."

"त्यो टबात मीठ टाकायचा?"

"हो."

भाभींनी पदर तोंडाला लावला. मग सांगू लागल्या. पाणीवाल्याने मास्टरांचं मीठ पहिल्याच दिवशी बंद केलं होतं. मिठाचा कण पोटात गेला तर विष परत अंगात मुरेल, अशी तंबी दिली होती. "सा महिने, बाई. सा महिने मी ह्यांना अळणी घातलं. दालचा अळणी, भाकरी अळणी. एवढं-एवढं मागायचे, लेकरागत हात पुढं करायचे. मी वरडायची. त्यांनी उठून घिऊ नये म्हनून बरणी वर ठिवली. शेवटी शेवटी मागायचंच सोडलं हो त्यांनी... आन् त्यो मूठ-मूठ टाकत हुता?"

तेव्हा मला कळलं, मास्टर माझ्याकडून कसला शब्द घेत होते. मला वरच्या फळीवरून बरणी काढताना त्यांनी पाहिलं होतं. पेल्यात मीठ पडताना पाहिलं होतं. शेड ओळखायच्या आधीच त्यांना सगळा हिशेब लागला होता, आणि त्या क्षणी त्यांना स्वतःची नाही, बायकोची काळजी पडली होती. तो शब्द मी मोडून बसले होते. मी भाभींचे पाय धरायला वाकले तर त्यांनी मला खांद्याला धरून उभं केलं. डोळे कोरडे होते. "त्यो व्हिडिओ किती लोकांनी बगितला असंल?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ठाऊक नाही, पुष्कळ. "मग आपनबी काढू की. माझं तोंड दिसायला नको. हात दिसले तरी बास."

तो व्हिडिओ आता तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. बिनबांगड्यांचे दोन हात, एक काचेचा पेला, मिठाची बरणी. आवाज भाभींचा. "मी नजीर मास्टरांची बायको. साफ पाण्याच्या व्हिडिओत हायेत ते माझे मालक. ते वारले. ह्यो पेला बगा. ह्यात कुनाचे पाय न्हाईत. तरी बगा पाणी कसं हुतंय." आणि पाणी तपकिरी होईपर्यंत त्या एक अक्षर बोलत नाहीत. ते मी कापलेलं नाही, सगळी दहा मिनिटं तशीच ठेवली आहेत. भाभींचं म्हणणं कागदावर लिहून, त्यांची सही घेऊन तक्रारही दिली आहे. पाणीवाला सात रस्त्याहून उठला. आता दुसऱ्या कुठल्या गावात बुधवार धरून बसला असेल. बसू दे. तो जाईल तिथे हे दोन हात त्याच्या आधी पोचावेत, एवढंच मी मागते. तुमच्या गावात आला तर भांडू नका. पाय टबात घालायच्या आधी फक्त म्हणा, आधी रिकामा चालवून दाखवा. त्याचा चेहरा कसा होतो ते मला कळवा. मला ते हवंय.

व्हिडिओ पाठवला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाभींकडे होते, तेव्हा माझा फोन वाजला. टेंभुर्णीची ती बाई होती, ग्रुपवरून माझा नंबर मिळालेली. आईला दोनदा पाणीवाल्याच्या टबाशी बसवून झालं होतं. ती रडत होती, काय करू म्हणून विचारत होती. मी तिला दवाखान्याचं, डॉक्टरांचं, कागद घेऊन येण्याचं सांगत होते. भाभींनी हात पुढे करून फोन माझ्याकडून घेतला.

"आई काय करतीय आत्ता?" त्यांनी विचारलं.

ती म्हणाली, जेवायला बसलीय.

"मग दवाखान्याचं ह्या बाई सांगत्याल तसं कर, उद्याच्याला ने. पर आत्ता आधी तिच्या ताटात मीठ वाढ," भाभी म्हणाल्या. "मी थांबते फोनवर."